गौरीमागच्या जलकन्या

१

चैत्रगौरीचं हळदीकुंकू संपलं. भिजवलेल्या हरभऱ्यांच्या ओट्या सांभाळत शेवटच्या दोघी गाडीत बसल्या आणि लीना खांबेटे दारातून हॉलमध्ये परत आली. तिथे नझीर परकार उभा होता, पायाशी बबल रॅपची गुंडाळी. बहारीनच्या मआमीर भागातल्या एका फ्रेमच्या कारखान्यातला हा कारागीर ठरल्याप्रमाणे चित्र न्यायला आला होता. लीनाने झोपाळ्यातल्या गौरीला हात जोडले आणि आराशीमागची पैठणी सोडली.

मागे सोनेरी चौकट होती. चौकटीत चित्र नव्हतं, नुसती भिंत होती.

बुसैतीनच्या त्या घरात गौरीमागे दर वर्षी पैठणी का लागते, हे बहारीनमधल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर अवाक्षर काढत नसे. त्या भिंतीवर खडकावर बसलेल्या जलकन्या होत्या, आणि त्यांच्या अंगावर कमरेच्या वर काहीही नव्हतं. लीनाच्या नवऱ्याच्या, म्हणजे सलीलच्या, पणजोबांनी ते तैलचित्र काढलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते मुंबईत चित्रकला शिकले आणि विलायती चित्रं पाहून त्यांनाही पुराणातल्या परदेशी बाया रंगवायची हौस आली. वाटणीत ते चित्र सलीलकडे आलं. आता इथल्या भारतीय मंडळींनी भरवलेल्या प्रदर्शनात ते मानाच्या जागी लागणार होतं.

सलीलने पोलिसांना फोन केला नाही. त्याने सदानंद ओगलेला केला.

सदानंद माहूजला राहायचा. बंदरात उतरलेल्या मालाचं नुकसान कशाने झालं, वाटेत झालं की आधीच, हे तपासून सांगायचा त्याचा व्यवसाय. त्यामुळे कुणाकडे काही हरवलं की लोक त्याला बोलावत, आणि ते त्याला मनातून आवडायचंसुद्धा. तो पोचला तेव्हा सलील अंगणातच होता.

"हा हॉलमध्ये एकटा होता," सलील हळूच म्हणाला. "लीना पाहुण्यांना पोचवत होती, आई तिच्या खोलीत. दोनदा गाडीकडे जाऊन आला म्हणे. आणि फ्रेमच्या मागे खिळे काढून त्या फिरत्या पट्ट्या यानेच बसवल्यात, गेल्याच आठवड्यात. पट्टी फिरवली की चित्र हातात. दुसऱ्या कुणाला कळणार?"

मुद्दा बिनतोड वाटत होता. सदानंद नझीरकडे गेला. दोघांची ओळख जुनी, गावंही एकाच जिल्ह्यातली. सदानंदच्या घरातलं निम्मं फर्निचर नझीरच्या हातचं होतं.

"नझीर, गाडी उघडतोस जरा? नुसती एक नजर टाकतो."

नझीरने त्याच्याकडे पाहिलं. मग व्हॅनचं मागचं दार उघडलं, सीट उचलून दाखवली, हत्यारांची पेटी रस्त्यावर पालथी केली. समोरच्या घरातली माणसं गेटपाशी येऊन बघत होती.

गाडीत चित्र नव्हतं. खरं तर विषय तिथेच संपायला हवा होता. पण सलीलने खिशातून फोन काढला. "याच्या मालकाच्या कानावर तरी घालतो," तो म्हणाला, आणि सदानंदने त्याला अडवलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी सदानंद चौकशीला बसला आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. प्रश्न साधा होता: चित्रात नेमकं काय होतं?

"जलपऱ्या," सलील म्हणाला. "दोन. समुद्र, खडक, मागे जहाज."

"तीन होत्या," लीना स्वयंपाकघरातून म्हणाली. मग जरा थांबून, "की चार? भावजी, मी कशाला मोजायला जातेय? आल्यागेल्यासमोर त्या भिंतीला पाठ करून बसायची सवय झालीय मला."

सदानंद हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. त्याच भिंतीसमोर त्याने वर्षानुवर्षं जेवणं झोडली होती आणि त्यालाही आकडा सांगता येईना. जो तो त्या चित्राला टाळून पानातल्या कोशिंबिरीकडे बघायचा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली वस्तू गेली होती आणि तिला नीट पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता.

अपवाद एक, सलीलची मुलगी अनुष्का. कॉलेजात कलेचा इतिहास शिकणाऱ्या अनुष्काला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर अर्धंअधिक इंग्रजीतून यायचं.

"थ्री, काका. अँड दे आर सायरन्स."

मग तिने त्याला अर्धा तास शिकवणी दिली. जुन्या ग्रीक कथांतल्या सायरन म्हणजे बाईचं तोंड आणि पक्ष्याचं अंग असलेल्या बाया, गाऊन खलाशांना मारणाऱ्या. त्यांना कोण दिवाणखान्यात लावणार? एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी पिसं उपटून टाकली, माशाची शेपटी लावली आणि गोऱ्यापान पोरी बसवल्या. नुसती उघडी बाई रंगवली तर बोभाटा व्हायचा. तीच पुराणातली आहे म्हटलं की संभावित माणसं सहकुटुंब बघायला येत. दोष चित्रकाराचा नाही, बघणाऱ्याचाही नाही. सगळा सायरनचा, कारण ती भुलवते.

"आणि समोर बसायच्या कोण?" सदानंदने विचारलं.

"मॉडेल्स. नोबडी रोट डाउन देअर नेम्स." तिने खांदे उडवले. "आमच्या फॅमिलीत म्हणतात, पणजोबांनी बाजारातली बाई आणली होती. बाबा ऑल्वेज जोक्स अबाउट हर."

सलीलचा तो विनोद सदानंदने ऐकला होता. ऐकून हसलाही होता. पण आज त्या आठवणीने त्याला ओशाळल्यासारखं झालं.

तेवढ्यात सलील आत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "नझीरच्या मालकाचा फोन होता. म्हणतो, आज संध्याकाळपर्यंत चित्र आलं नाही तर याला पोलिसात देणार आणि व्हिसा कॅन्सल करणार. अरे, मी फक्त कानावर घातलं होतं!"

३

सलीलची आई, लक्ष्मीकाकू, आपल्या खोलीत वाती वळत बसली होती. पंचाहत्तरीची बाई, सून कैरीची डाळ वाटत असली की स्वतः उठून आरास मांडणारी. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याशेजारी एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता, नऊवारी, डोक्यावरून पदर. पदराबाहेर एकच कान होता आणि त्याची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. फोटोला मोगऱ्याचा ताजा गजरा घातला होता.

"बस. चहा घेतलास का?" काकू म्हणाली. "चित्राचं मला विचारू नकोस. मी त्या भिंतीकडे बघतसुद्धा नाही. सलीलला किती वेळा सांगितलं, आत लाव कुठेतरी."

"गेलं ते बरंच झालं म्हणायचं मग."

"तसं कसं म्हणू?" काकूच्या हातातली वात थांबली. "बिचारी एक हात वर करून बसलीय. किती वेळ बसवलं असेल कोण जाणे. खांदा भरून आला असेल तिचा."

सदानंदने मान डोलावली. उठताना त्याने विचारलं, "काकू, नझीर तुम्हाला कसा वाटतो?"

 काकू वाती मोजायला लागली, चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

४

मआमीरला कारखान्याच्या बाहेर नझीर एका उलट्या खोक्यावर बसलेला सापडला. आतून करवतीचा आवाज येत होता. मालकाने त्याला कामाला हात लावू दिला नव्हता.

"नझीर, मला कालचं सगळं एकदा नीट सांग."

"काय सांगू साहेब? मी आलो, भाभी बाहेर व्हत्या. गौरीसमोर हात लावायचा नाय म्हणून गप उभा राहिलो. टेप इसरलो म्हणून गाडीकडं गेलो, मंग कात्री इसरलो."

"त्या पट्ट्यांचं कुणाला माहीत होतं?"

"सगल्यांना. बसवल्या तवा आजी चहा घेऊन आल्या. त्यांना फिरवून दाखवल्या." तो खोक्यावरून उठला. "साहेब, एक बोलू? काल सलीलसाहेब बोल्ले असते तर मी गाडी उघडली नसती. पोलिस बोलवा, बोल्लो असतो. तुमी बोल्लात म्हणून उघडली."

 आपण दाखवलेला विश्वास किती तोकडा होता आणि याने ठेवलेला किती, हे सदानंदला भर उन्हात लख्ख कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"घरी मुलीचं लगीन ठरलंय," नझीर म्हणाला. "चोर म्हणून परत गेलो तर पुढं काय व्हईल, तुमाला म्हायत हाय. आपलं गाव कसं हाय ते."

५

त्या दुपारी सदानंदने करायला हवं होतं ते पहिल्यांदा केलं. तो बघायला बसला.

लीनाने हळदीकुंकवाचे फोटो पाठवले होते. बहारीनमधल्या यच्चयावत मराठी बायकांनी त्या गौरीपुढे उभं राहून फोटो काढले होते. नथी, गजरे, पन्ह्याचे पेले, आणि प्रत्येक फोटोत मागे ती पैठणी. अनुष्काने गेल्या वर्षीचेही पाठवले होते. सदानंदने एक जुना आणि एक नवा फोटो शेजारी ठेवला.

जहाजाच्या डेकवर ताडपत्री घातलेली असते. खाली माल असला तर ती सपाट बसते. खाली पोकळी असली तर वाऱ्याने मधोमध पोट खपाटीला गेल्यासारखी आत जाते. हे बघायचाच तर त्याला पगार मिळत होता.

गेल्या वर्षी पैठणी सपाट होती. यंदा समोरच्या एसीच्या झोताने ती मधोमध आत गेली होती आणि चौकटीची आतली कड कापडावर चौकोनात उमटली होती. त्याने पहिल्या पाहुणीचा फोटो शोधला. तिथेही तेच.

म्हणजे पहिली बाई उंबऱ्यात यायच्या आधीच चित्र गेलेलं होतं. तेव्हा नझीर बुसैतीनमध्ये नव्हताच. सगळ्या बायका दिवसभर एका रिकाम्या चौकटीसमोर लाजून नजर चुकवत होत्या.

त्याने लीनाला फोन लावला. "सकाळी पैठणी कुणी लावली?"

"आईंनी. मी डाळ वाटत होते. आरास दर वर्षी त्याच मांडतात, पण पैठणी मी लावते. यंदा त्या म्हणाल्या, तीही मीच लावते. का हो?"

सदानंदने फोन ठेवला. दर वर्षी दुसरं कुणी करायचं ते काम यंदा काकूने मागून घेतलं होतं. पट्ट्या फिरवायला तिला नझीरनेच शिकवलं होतं. आणि जी बाई त्या भिंतीकडे बघत नव्हती तिला वर केलेला हात ठाऊक होता, तो हात किती दुखला असेल हेही ठाऊक होतं. पण का? नकोशी वस्तू माणूस टाकून देतो, तिला बिचारी म्हणत नाही.

त्याने प्रदर्शनाचं निमंत्रण उघडलं. चार दिवसांपूर्वी ते सगळ्यांच्या फोनवर आलं होतं. आयोजकांनाही लाज होतीच. त्यांनी मधल्या सायरनचा फक्त चेहरा ठेवला होता, मानेच्या खाली कात्री. त्यामुळे तो चेहरा कुणीही बिनदिक्कत बघू शकत होतं. तरुण मुलगी, सतरा-अठराची, मान वळवलेली. ओले केस कानामागे होते.

कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती.

६

काकूने दार उघडलं आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच ती मागे झाली. सलील आणि लीना त्याच्यामागे होते. सदानंदने त्यांना येऊ द्यायला नको होतं, पण नझीरची मुदत संध्याकाळी संपत होती.

"काकू, मी चुकत असेन तर थोबाडीत मारा. चित्र इथेच आहे ना?"

काकूने कपाट उघडलं. गोधड्यांच्या मागून मऊसूत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली चौकोनी वस्तू तिने काढली आणि पलंगावर ठेवली. पण लुगडं सोडलं नाही.

"आई!" सलील ओरडला. "अगं, का?"

"त्या फोटोतल्या कोण आहेत, ठाऊक आहे ना?"

"पणजी. तू रोज गजरा घालतेस."

"माझ्या आजेसासूबाई. लहानपणी कुडी ओढली गेली आणि पाळी फाटली. मी लग्न होऊन आले तेव्हा नव्वदी गाठली होती त्यांनी. वर्षभर मीच त्यांना न्हाऊ घालत होते." काकूने गुंडाळलेल्या लुगड्यावरून हात फिरवला. "मोबाइलवर तो फोटो आला, नुसतं तोंड. आयुष्यात पहिल्यांदा मी नीट बघितलं. आणि ओळखलं. रात्रभर झोप नाही मला. बाजारातली बाई नव्हती रे सलील. घरातली होती. नवऱ्याने सांगितलं, बस, म्हणून बसली. तेव्हा नाही म्हणायची सोय होती का तिला?"

सलील पलंगाच्या कडेला बसला. वर्षानुवर्षं चवीने सांगितलेला तो विनोद त्याच्या पणजीवरचाच होता.

"न्हाणीत सुद्धा त्या माझ्याकडे पाठ करून बसायच्या," काकू म्हणाली. "नव्वदीतली बाई, अंगात काही उरलेलं नाही, तरी म्हणायच्या, सूनबाई, तिकडे बघ. मला वाटायचं, किती हा सोवळेपणा! आणि त्यांना आता सगळं बहारीन बघणार? मोठा दिवा लावून? तुला सांगायचं तर तोंडाने बोलायला हवं होतं. तेवढं धैर्य नव्हतं. म्हटलं, हळदीकुंकवात काढून ठेवावं, गर्दीत गेलं म्हणतील, शोधतील आणि विसरतील."

"आणि नझीर?" सदानंदने विचारलं. विचारताना त्याची मान खाली होती, कारण तोच प्रश्न त्यालाही लागू होता.

काकूने पदराने तोंड झाकलं. "तू त्याची गाडी उघडायला लावलीस तेव्हा मी खिडकीत होते. ती पेटी पालथी केलेली पाहिली मी. खाली येऊन दोन शब्द बोलायचे होते. नाही आले. मेलेल्या बाईची लाज राखायला मी जिवंत माणसाची घालवली, सदानंद."

लीनाने तिच्या पाठीवर हात ठेवला. सलीलने डोळे पुसले आणि घड्याळ पाहिलं. "मी मालकाला फोन करतो. चित्र सापडलं, गैरसमज झाला म्हणून सांगतो. कुणाचं नाव यायला नको."

"फोन नको," काकू म्हणाली. "गाडी काढ."

७

कारखान्यात शिरताच भुशाचा आणि सरसाचा वास आला. मालक नजीब टेबलापाशी होता. पाच-सहा कारागीर हातातलं काम थांबवून बघायला लागले. नझीर भिंतीला टेकून उभा होता.

सलील पुढे झाला आणि इंग्रजीत म्हणाला, की चित्र घरातच सापडलं, छोटासा गैरसमज होता, सॉरी.

"खलास," नजीब हसून म्हणाला. "मिल गया तो अच्छा."

कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काही फरक पडलेला दिसला नाही. चोरलेली वस्तू चोर घाबरला की परत मिळतेच.

"काय सांगितलंस रे?" काकूने विचारलं.

"सापडलं म्हणून."

"सापडलं नाही. मी नेलं होतं. सदानंद, मी सांगते ते याला सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि गाळायचं नाही काही."

काकू मराठीत बोलत गेली आणि सदानंद हिंदीत सांगत गेला. चित्र यांनी स्वतः काढून लपवलं. चित्रातली बाई यांच्या घरातली होती, लोकांनी बघू नये असं वाटलं. या माणसावर आळ आला तेव्हा या खिडकीत उभ्या होत्या आणि गप्प बसल्या. सलील जमिनीकडे बघत होता. करवत थांबल्यामुळे प्रत्येक शब्द त्या पत्र्याखाली मोठा होऊन ऐकू येत होता.

काकूचं संपलं. सदानंदचं संपलं नव्हतं.

"आणि हे माझं," तो म्हणाला. "याची गाडी मी उघडायला लावली, गल्लीसमोर. चित्र कधी गेलं हे न तपासता. मला ते पाच मिनिटांत कळलं असतं. मी आधी याच्याकडेच बघितलं."

नजीबने दोन्ही हात डोक्याला लावले. उठून तो नझीरकडे गेला, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की उद्यापासून नाही, आत्तापासून काम. यल्ला, चल. व्हिसाचं डोक्यातून काढून टाक.

नझीरने कोपऱ्यातली खुर्ची पुसून काकूपुढे ठेवली. "बसा, आजी. इतक्या लांब कशाला आल्यात तुमी?"

"माफ कर रे बाबा मला."

"असं नका बोलू. तुमी बोल्लात ना सगल्यांसमोर? माझ्या पोरीचं लगीन आता नीट व्हईल." त्याचे डोळे भरले होते.

काकूला धीर आला. "प्रदर्शनाचं काय ते आम्ही ठरवू. पण त्यांना अशा कपाटात कोंबून ठेवायचं बरं नाही वाटत. परत त्या चौकटीत नीट बसवायला हवं. येशील घरी?"

नझीरने मान हलवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं.

"चित्र आनि फ्रेम हितं पाठवा, आजी. बसवून देतो, एक दिनार नको. पन तुमच्या घरात मी नाय येनार. आनि साहेब, तुमच्याकडं पन नाय. आता कोनाच्या हॉलमधी मी एकटा नाय उभा रानार."

 नजीबने सदानंदच्या कोपराला हात लावला आणि विचारलं, "क्या बोलता ये?"

इतका वेळ सदानंदने एकही वाक्य सोडलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं, नझीरकडे पाहिलं, आणि हे एवढं मात्र त्याला हिंदीत सांगता आलं नाही.